वीस फुटांवरचा तक्ता

शेकडो अळ्या एकाच वेळी पाला खातात तेव्हा जो आवाज होतो, तो मी नंतर कुठंच ऐकला नाही. जाड कागदावरून कुणीतरी कोरडा हात सावकाश फिरवत असावं, तसा. आमच्या बेंगळुरूजवळच्या येलहंक्याच्या घरात तो वरच्या खोलीतून सतरा पायऱ्या उतरून खाली यायचा आणि स्वयंपाकघरात पसरायचा. पहिल्या दिवशी आईनं स्टोव्ह बंद करून कान दिला आणि मला म्हणाली, "नळ कुठं उघडा राहिलाय का बघ गं." मी वर जाऊन आले आणि सांगितलं, नळ नाही, लिगायाअक्काचे रेशीमकिडे जेवतायत. आई हसली. त्यानंतर आमच्या घरात जेवायची वेळ त्या आवाजावर ठरायला लागली. तो थांबला की आई म्हणायची, "त्यांचं झालं. आता आपलं वाढू."

लिगाया फिलिपिन्सहून रेशीमशेती शिकायला आली होती आणि आमची वरची खोली भाड्यानं घेऊन राहत होती. ती सव्वीस वर्षांची, मी सोळाची. दर दोन दिवसांनी ती देवनहळ्ळीकडच्या शेतांतून तुतीचा पाला आणायची. बसमधून पोतं खाली ओढताना तिचा चेहरा पाल्याआड जायचा आणि नुसते दोन हात दिसायचे. परवा मुलाला विमानतळावर सोडायला त्याच रस्त्यानं गेले, तेव्हा तुतीची शेतं मोजायची ठरवून खिडकीशी बसले होते. एक बोटही दुमडावं लागलं नाही. सगळीकडे प्लॉटचे दगड आणि कमानी. मी कुरकुर करत नाही, आमचं आताचं घरही अशाच एका प्लॉटवर आहे. पण मोजायला बसले होते, म्हणून सांगितलं.

आम्ही मूळचे निपाणीकडचे. घरात मराठी, दारात कन्नड, आणि इंग्रजी फक्त अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गिऱ्हाइकांपुरतं, आणि मला, शाळेपुरतं. लिगायाअक्का 'स्वल्प', म्हणजे थोडं, आणि 'सरी', म्हणजे बरं, हे दोन कन्नड शब्द आधी शिकली आणि वर्षभर त्या दोन शब्दांवर तिनं आमच्या आईशी संसार केला. आई विचारायची, "आमटी?" ती म्हणायची, "स्वल्प." आई वाटीभर वाढायची. "सरी," म्हणून ती सगळी प्यायची. तिच्या गावाकडे माशांच्या कालवणात चिंच घालतात हे कळल्यावर आईनं निवाडा दिला होता, "मासे वर शिजव, खाली आणू नको. चिंच मात्र माझ्याकडनंच ने, दुकानातली काळी असते."

अण्णांचं चिकपेटला चष्म्याच्या काचा घासायचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. एका बाजूला घासायचं चाक, दुसऱ्या बाजूला फ्रेमची फळी, आणि मध्ये अण्णा. आत एकूण नऊ फूट लांबी. डोळे तपासायला वीस फूट लागतात, म्हणून अवघड गिऱ्हाइकांना ते रविवारी घरी बोलवायचे. आमच्या घराचा मधला बोळ बरोबर वीस फूट होता. हे घर घेतलं तेच त्या बोळासाठी, असं आई म्हणायची. एका टोकाला स्टूल, दुसऱ्या टोकाला खिळ्यावर अक्षरांचा तक्ता. मी लहान असताना आई तक्त्याशेजारी विणकामाची सुई घेऊन उभी राहायची आणि अण्णा सांगतील त्या अक्षरावर टोक ठेवायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण एबीसीडी येत होती, आणि तक्त्यावरची अक्षरं तर तोंडपाठ. तेवढंच तिचं इंग्रजी. वरती एकटी ई, खाली एफ, पी, त्याखाली टी, ओ, झेड. भाकरी थापताना कधी कधी ती ते गुणगुणायची.

आता नंबरांचं सांगते. मला सगळं लिहून ठेवायची खोड तेव्हापासूनची. आईचा जवळचा चष्मा अडीचचा होता. लिगायाअक्का आली त्या वर्षी तो सव्वादोन झाला, मग पावणेदोन, मग सव्वा. वहीच्या शेवटच्या पानावर मी ते एकाखाली एक लिहीत होते. दिवाळीनंतर एके दुपारी आईनं चष्मा न लावता सुईत दोरा ओवला. अण्णांनी ती सुई हातात घेऊन पाहिली, दोरा काढला आणि परत ओवायला लावला. तिनं परत ओवला. त्या संध्याकाळी अण्णा चिकपेटहून म्हैसूरपाक घेऊन आले. "चाळिशीनंतर नंबर उतरलेला मी बघितला नव्हता," ते सगळ्यांना सांगत सुटले. "माझ्या काचेचा गुण म्हणा नाहीतर हिच्या पालेभाजीचा म्हणा." अण्णा काच घासण्यात पटाईत होते. डोळा मात्र ते बघून बघून शिकलेले, कुठं जाऊन शिकलेले नाहीत. मलाही वाटलं, आकडा उतरतो म्हणजे आजार उतरतो. आकड्यांवर एवढा विश्वास ठेवणारी मी, आकडा कशाचा आहे हे विचारायचं विसरले.

डिसेंबरात येलहंक्यात धुकं पडायचं. तळ्यावरून उठायचं, रेल्वेच्या रुळांवर बसायचं, आणि आमच्या अंगणात रांगोळीच्या ठिपक्यांपर्यंत यायचं. गाडीची शिटी ऐकू यायची, गाडी दिसायची नाही. त्या धुक्यात अंगणात उभं राहिलं की सगळं जग कुणीतरी दुधात बुडवून ठेवलंय असं वाटायचं आणि शाळेत जाऊच नये असं वाटायचं. नऊ वाजता ऊन यायचं आणि सगळं लख्ख व्हायचं. आई अकरा वाजता विचारायची, "आज अजून उठलं नाही का गं धुकं?" आम्ही हसायचो. ती चेष्टा करते असं वाटायचं. एकदा संध्याकाळी ती समोरच्या खांबाकडे बघून म्हणाली, "दिव्याला किती छान पाकळ्या आल्यात." मी बघितलं, नुसता पिवळा दिवा होता. रांगोळीत पंधरा ठिपक्यांची ओळ असायची. त्या महिन्यात मी तेरा मोजले, एकदा सतरा. तेही मी वहीत लिहिलं, पण वेगळ्या पानावर.

त्याच महिन्यात लिगायाअक्कापुढं भाषणाचं संकट आलं. तिच्या देशाचा एक मोठा वीर होता. डिसेंबरच्या शेवटी एका पहाटे परक्या सरकारनं त्याला गोळ्या घातल्या होत्या, वय पस्तीस. त्या दिवशी शहरातले सगळे फिलिपिनो, मोजून चौदा जण, एका सभागृहात जमायचे आणि दर वर्षी एकानं बोलायचं. या वर्षी हिची पाळी. विषय ठरलेला: आजच्या आपल्या लोकांनी त्याच्या आयुष्यातून काय घ्यावं. त्या वीराचं नाव आमच्या जिभेवर बसेना, म्हणून घरात तो 'तो डॉक्टर' झाला, कारण तो डोळ्यांचा डॉक्टर होता. हे कळल्यावर अण्णांना तो एकदम जवळचा वाटायला लागला. आमच्याच धंद्यातला, असं ते म्हणायचे.

संध्याकाळी स्वयंपाकघरात अवरेकाळू, म्हणजे पावट्याचे भिजवलेले दाणे, सोलत बसायचं आणि लिगायाअक्कानं भाषणाची तयारी करायची, असा क्रम पडला. त्या दिवसांत बेंगळुरूतल्या प्रत्येक घराला त्या शेंगांचा वास असतो. भिजलेला दाणा चिमटीत दाबला की साल हातात राहतं आणि आतली डाळ टुणकन भांड्यात उडते. या कामाला डोळे लागत नाहीत. आई सगळ्यांत भराभर करायची. लिगायाअक्का इंग्रजीतून सांगायची, अण्णा आईसाठी मराठी करायचे. तो डॉक्टर लहानपणी होडीतून जात होता आणि त्याची एक चप्पल पाण्यात पडली, ही गोष्ट तिच्या देशात मुलांना सांगतात. चप्पल वाहून गेली, तर त्यानं दुसरीही टाकली, ज्याला सापडेल त्याला जोडी तरी मिळावी म्हणून.

आई म्हणाली, "आणि घरी अनवाणी आला?"

अण्णांनी विचारून सांगितलं, "आला असणार."

"मग त्याच्या आईनं काय केलं ते विचारा. ते कुणी सांगत नाही."

लिगायाअक्काला अण्णांनी प्रश्न सांगितला तशी ती इतकी हसली की तिच्या हातातली डाळ उडून माझ्या केसात गेली.

भाषणात सात मुद्दे होते. तिनं ते एका मोठ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिले, सभागृहात लावायला. मी विचारलं, मागच्या माणसाला वाचता येणार का? ती म्हणाली, कुणास ठाऊक. मी म्हणाले, त्यात काय, आपल्याकडे वीस फूट आहेत. रविवारी दुपारी आम्ही दोघींनी तक्ता काढून भिंतीला उलटा टेकवून ठेवला आणि त्या खिळ्यावर तिचा कागद लावला. मी स्टुलावर बसून सगळे सातही मुद्दे वाचले. पास. मग शेंगा घेऊन भाजीवाला आला, असं काहीतरी झालं, आणि तो कागद तिथंच राहिला.

दिवेलागणीला अण्णांना आईचा डोळा तपासायची हुक्की आली. नवा नंबर बघायचा होता. सव्वाच्या खाली गेला तर चष्माच काढून टाकू, म्हणत होते. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात परात घेऊन बसलो होतो, बोळाच्या बरोबर मध्ये, म्हणजे आम्हाला दोन्ही टोकं दिसत होती. आई स्टुलावर. अण्णांनी तिच्या नाकावर तपासणीची जड गोल फ्रेम चढवली, एका डोळ्यावर काळी चकती घातली, आणि नेहमीसारखे तिच्यासमोर थोडे बाजूला उभे राहिले, भिंतीकडे पाठ करून. आधी लांबचं बघायचं, मग जवळचं, हा त्यांचा नेम.

"वाच."

"ई," आई म्हणाली.

"पुढं."

"एफ, पी. टी, ओ, झेड."

"त्याखालची?"

"एल, पी, ई, डी." एकही अक्षर अडखळलं नाही. भाकरी थापताना म्हणायची त्याच चालीत.

"बरोबर," अण्णा म्हणाले. "लांबचं खणखणीत आहे."

मी भिंतीकडे बघितलं. तिथं लिगायाअक्काचा कागद होता. त्यावर बोटभर उंचीची अक्षरं होती आणि पहिल्या ओळीत ई कुठंच नव्हती. माझ्या शेजारी लिगायाअक्काचा हात परातीत थांबला. तिला मराठी येत नव्हती, पण अक्षरं कळत होती. आम्ही एकमेकींकडे बघितलं. तेवढ्या वेळात आई सातव्या ओळीपर्यंत पोचली होती.

गप्प राहणं सोपं होतं. कागद काढून तक्ता परत लावला असता तर कुणाला कळलं नसतं, आणि उद्या अण्णांनी परत म्हैसूरपाक आणला असता. माझ्या वहीतलं ते वेगळं पान मला आठवलं. तेरा ठिपके, सतरा ठिपके. मी म्हणाले, "आई, तिथं तक्ता नाहीये."

 वरून अळ्यांचा आवाज येत होता, तोच तेवढा. आईनं मान वळवली नाही. ती त्या जड फ्रेममधून समोर बघत राहिली, जिथं तिला पांढरं काहीतरी दिसत असावं, तक्ताही पांढराच होता. मग तिनं हळू विचारलं, "मग काय आहे?"

"लिगायाअक्काचा कागद."

"असू दे," ती म्हणाली. "हे खूश होते." अण्णांबद्दल ती आमच्याशी बोलताना नेहमी 'हे' म्हणायची, ते समोर असले तरी.

अण्णांनी मागं वळून बघितलं नाही. तेव्हा मला वाटलं, त्यांना धक्का बसला म्हणून. आज मला वाटतं, त्यांना वळायची गरज नव्हती. पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे डोळे बघणारा माणूस तपासताना तक्त्याकडे पाठ का करतो, हे मी तेव्हा विचारलं नाही. पुढं पुष्कळ वर्षांनी त्यांनी आपणहून सांगितलं. दिवाळीच्या आधीच एकदा बॅटरीच्या उजेडात त्यांना आईच्या बुबुळात राखाडी काहीतरी दिसलं होतं. त्यांनी बॅटरी विझवली आणि परत लावली नाही. मोतीबिंदू आत पिकायला लागला की कधी कधी जवळचं उलट बरं दिसतं, आणि लांबचं जातं. चष्म्याच्या धंद्यातल्या माणसानं हे कुठून तरी ऐकलेलं असतंच.

आईला सुरीची भीती होती. तिच्या एका आत्याचा डोळा निपाणीच्या मोतीबिंदूच्या शिबिरात गेला होता, आणि ती आत्या मरेपर्यंत सगळ्यांना सांगत होती, आंधळी झाले तरी चालेल, पण डोळा कापू देऊ नका. अण्णांना ते माहीत होतं. म्हणून तिनं अक्षरं म्हणायची आणि त्यांनी तक्त्याकडे पाठ फिरवायची, असं त्या दोघांचं न बोलता ठरलं होतं. लबाडी म्हणवत नाही मला ती. पण त्यापायी आईचे डोळे गेले असते.

लिगायाअक्का उठली. तिला काय करावं सुचेना, म्हणून तिला येत होतं ते तिनं केलं. कागदाशेजारी जाऊन उभी राहिली, आई पूर्वी उभी राहायची तशी, आणि भाषण सुरू केलं. अण्णा सवयीनं मराठी करायला लागले. पहिला मुद्दा, त्यानं आपल्या देशाचं दुखणं झाकलं नाही, लिहून सगळ्यांसमोर मांडलं. दुसरा, समुद्रकाठच्या लांबच्या गावी त्याला हद्दपार केलं तर तिथं त्यानं पोरांना शिकवलं, गावाला पाणी आणलं. अण्णांचा आवाज सपाट होता, पत्र वाचून दाखवल्यासारखा. तिसऱ्या मुद्द्याला ती थोडी थांबली. मग म्हणाली, तो डोळ्यांचा डॉक्टर झाला, कारण त्याच्या आईला दिसेनासं झालं होतं.

अण्णांनी ते सांगितलं.

पुढचं वाक्य कागदावर नव्हतं, असं मला नंतर कळलं. तिनं ते अण्णांकडे बघून म्हटलं. अण्णांनी त्याचं मराठी केलं नाही. वरचा आवाज थांबला होता, अळ्यांचं जेवण झालं होतं.

"काय म्हणाली?" आईनं विचारलं.

अण्णांनी फ्रेमचा स्क्रू उगाच सैल केला, परत आवळला. मग म्हणाले, "म्हणते, चष्म्यानं होणार नव्हतं. म्हणून त्यानं स्वतः आईचा डोळा कापला."

"स्वतःच्या आईचा?"

"हो."

"हात थरथरला नाही त्याचा?"

अण्णांनी विचारलं. लिगायाअक्का म्हणाली, माहीत नाही, थरथरला असेल.

"मग दिसलं का तिला?"

आता लिगायाअक्काची पंचाईत झाली. ती खोटं बोलणारी नव्हती. तिनं सांगितलं ते अण्णांनी जसंच्या तसं मराठीत आणलं: ऑपरेशन चांगलं झालं होतं, पण त्याच्या आईनं ऐकलं नाही. हलू नको म्हटलं तर हलली, आणि पट्टी आधीच काढली. जखम बिघडली. त्याला फार त्रास झाला.

 आईनं फ्रेम स्वतःच्या हातानं नाकावरून काढली आणि अण्णांच्या हातात दिली. "मोठी माणसं असली म्हणून काय," ती म्हणाली. "आई ती आईच. मी नाही पट्टी काढायची." आणि परत शेंगांच्या परातीपाशी येऊन बसली. अण्णा बोळातच उभे होते. ती तिथूनच म्हणाली, "अहो, कधी जायचं ते ठरवा. संक्रांत होऊ दे, तिळाचे लाडू करते, मग."

लिगायाअक्कानं सभागृहात कागद नेला नाही. सात फार होतात, म्हणाली, एकच सांगते. मी हरकत घेतली, लोकांना आधी सात सांगितलेत, आता एक कसा? तिनं मला 'सरी, सरी' म्हणून गप्प केलं आणि चौदा जणांच्या सभेत तिसरा मुद्दा सांगून आली, त्या भाषणात एका चष्मेवाल्याच्या बायकोची, म्हणजे आईचीही गोष्ट होती म्हणे. कागद खिळ्यावरच राहिला.

ऑपरेशन झालं. मग त्या काळच्या पद्धतीप्रमाणं दिवसच्या दिवस पट्टी, उशीच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. पट्टीखाली खाज सुटली की आईचा हात वर यायचा, आणि खोलीतलं जे कुणी असेल ते म्हणायचं, "तो डॉक्टर." हात खाली जायचा. लिगायाअक्का पायथ्याशी बसून अळ्यांना पाला चिरायची आणि नुसती भुवया वर करायची. आई म्हणायची, "त्याच्या आईला बिचारीला आता सगळं जग नावं ठेवतंय. तिलाही खाज सुटली असेल." अण्णा या दिवसांत दुकान अर्धा दिवस बंद ठेवायचे, आणि घरी आले की पलंगाशी बसून आईला कोण कोण आलं होतं, कुणाला कुठली फ्रेम दिली, ते सांगायचे. पूर्वी ते कधी एवढं बोलले नव्हते.

दीड महिन्यानं जाड चष्म्याचा नंबर मिळाला. ती काच अण्णांनी स्वतः घासली. दुसऱ्या कुणाला चाकाला हात लावू दिला नाही. रविवारी सकाळी आईला स्टुलावर बसवून त्यांनी ती तिच्या डोळ्यावर चढवली. आईनं आधी त्यांच्याकडेच बघितलं. बराच वेळ.

"अहो," ती म्हणाली, "तुमच्याच चष्म्याची काडी वाकडी आहे. असंच जाता दुकानात?"

मग तिनं बोळाच्या पलीकडे बघितलं आणि लिगायाअक्काचा कागद वाचायला लागली. शब्द तिला कळत नव्हते, म्हणून एकेक अक्षर, पहिल्या मुद्द्यापासून सातव्यापर्यंत. घड्याळ लावून अकरा मिनिटं. बाहेर धुकं केव्हाच उठलं होतं. ती एकेक अक्षर म्हणायची, थांबायची, आणि अण्णा म्हणायचे, बरोबर. त्या दिवशी ते तिच्या शेजारी उभे होते, भिंतीकडे तोंड करून.